वायू गळतोय कुठून?

सोमवार, ९ सप्टेंबर १९४०

हाल्वार आज सकाळी परत सरहद्दीवर गेला. कुठल्या सरहद्दीवर, ते त्याने सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही. पण लोकरीचे जाड मोजे दोन जोड जास्त मागून घेतले, म्हणजे उत्तरेकडेच असणार.

रजेत त्याने बटाटे काढले, गोठ्याचं छप्पर दुरुस्त केलं आणि उरलेल्या वेळात मला हसवलं. लग्नाला नऊ वर्षं झाली. आता घरात हसायला आम्ही दोघं आणि न हसायला सासूबाई, एवढंच माणूसबळ आहे आणि एवढंच राहणार हे मी केव्हाच मान्य केलंय. पण या दहा दिवसांत वाटलं, तेवढंही पुष्कळ आहे.

निघण्याआधी तो कोठारात गेला. गाडी एप्रिलपासून लाकडी ओंडक्यांवर उभी आहे. लढाईमुळे समुद्रातून पेट्रोल यायचं बंद झालं आणि आमची टॅक्सीही बंद झाली. "विकून टाक," तो म्हणाला. "लिंदक्विस्ट टायरसाठी का होईना, घेईल." बोलताना बॉनेटवरून हात फिरवत होता, म्हाताऱ्या घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. मी "बरं" म्हटलं.

पत्रं वाटेत उघडून वाचतात म्हणे. त्यामुळे मनातलं जे पत्रात घालता येणार नाही ते इथे लिहीन म्हणते.

शनिवार, १४ सप्टेंबर

लिंदक्विस्ट दुकानदार आला होता. गाडीकडे बघितलंच नाही त्याने, गुडघ्यावर बसून नुसते टायर चाचपत राहिला. जत्रेत बकऱ्याचे दात बघतात तसा. "बाकीचं काय, कोंबड्या ठेवायला उपयोगी पडेल तुम्हाला," म्हणाला.

मी म्हटलं, "विकायची नाही."

हे मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. तोंडातून निघून गेलं. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हाल्वार विक म्हणाला होता."

"हो, आई."

"आणि तू बरं म्हणाली होतीस."

"हो, आई."

त्यांनी नुसतं "हं" केलं. सासूबाईंचं "हं" म्हणजे इतरांचं अर्ध्या तासाचं प्रवचन.

खरं कारण लिहून ठेवते. गुरुवारी दुग्धालयाचा ट्रक गावातून गेला. त्याच्या पाठीवर पिंपाएवढी लोखंडी भट्टी होती आणि तो लाकडावर चालत होता! लाकडं नुसती जाळत नाहीत, कोंडून धुमसवतात, त्यातून जो वायू निघतो तो इंजिनात जातो. ड्रायव्हरने थांबून सगळं दाखवलं. आमच्या गावात पेट्रोलचा थेंब नाही, पण लाकडाला काय तोटा? खिडकीतून हात बाहेर काढला तर झाड लागतं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

फ्रित्योफ लोहाराकडे गेले. तो हाल्वारचा बालमित्र. गावात त्याच्याइतका उंच, त्याच्याइतका जोरात बोलणारा आणि स्वतःवर त्याच्याइतका खूश माणूस दुसरा नाही.

"वहिनी, भट्टी? अहो, मी तुम्हाला अशी भट्टी करून देतो की राजाचा ड्रायव्हर येऊन विचारेल, कुणी केली!"

"यापूर्वी केली आहेस का?"

"नाही. पण यापूर्वी मी लग्नही केलं नव्हतं. केल्यावर जमलंच की!"

आतून त्याची बायको ओरडली, "कुणाला जमलं?"

त्याच्याकडे जुन्या बस्तूचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा, पाणी तापवायचा बंब पडून आहे, तोच वापरणार. गाडीची दुरुस्ती करायचं सगळं सामान हाल्वारचंच आहे. घाई मात्र करावी लागेल. जिल्हा कचेरीतून कळवलंय की नोव्हेंबर संपायच्या आत जी टॅक्सी चालू स्थितीत तपासणीला येणार नाही, तिचा परवाना रद्द. एकदा गेला की गेला, मग हाल्वार परत येऊन करणार काय? तो शेतकरी नाही. बटाटे काढताना सुद्धा त्यांना गिअर शोधतो.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

जिल्ह्याच्या गावी तीन दिवस शिकवणीला जाऊन आले. लाकूडवायूवर गाडी चालवायची तर वेगळं कार्ड लागतं. वर्गात बाकी सगळे पुरुष आणि मी. शिकवणारे गृहस्थ पहिल्या दिवशी म्हणाले, "बाईसाहेब, स्वयंपाकाचा वर्ग शेजारच्या खोलीत आहे."

मी म्हटलं, "भट्टी पेटवायची आहे ना? मग माझी खोली हीच."

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवायची परीक्षा झाली आणि माझी सगळ्यांत आधी पेटली. त्यात नवल कसलं! या पुरुषांपैकी एकानेही घरची चूल कधी पेटवलेली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हापुन्हा बजावली. हा वायू विषारी आहे. त्याला वास येतोच असं नाही. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, पाय लटके पडतात. असं काहीही वाटलं तर ताबडतोब गाडीबाहेर, मोकळ्या हवेत. भट्टी कधीही बंद जागेत पेटवायची नाही. मी सगळं लिहून घेतलं. कार्ड मिळालं.

रविवार, ६ ऑक्टोबर

भट्टी गाडीच्या पाठीला बसली. फ्रित्योफ दोन पावलं मागे गेला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "किती सुंदर!" मला तर ती दप्तर लावून शाळेत निघालेल्या अस्वलासारखी दिसते. तिथून एक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे, वाटेत वायू गार करायचे पाइप, मग गाळणी, मग इंजिन.

चर्चमधून सुटलेलं निम्मं गाव अंगणात. लाकूड भरलं, काडी लावली, पंखा फिरवला. शिकवलं होतं तसं पंख्याच्या तोंडाशी काडी धरली. वायू नीट असेल तर तिथे स्थिर निळसर ज्योत लागते. ज्योत लागेना. धूर मात्र असा की समोरचं चर्च दिसेनासं झालं. मग आतून "धप्प!" असा आवाज झाला, झाकण उडालं आणि लिंदक्विस्टच्या नव्या टोपीवर काळं पाणी पडलं.

"चाकांवरचा बस्तू!" कुणीतरी ओरडलं. आता हेच नाव पडणार.

सगळे गेल्यावर सासूबाई पिशवीतला लाकडाचा एक ठोकळा उचलून हातात फिरवत राहिल्या. मग दाताने चावला! "ओलं आहे," म्हणाल्या. "ह्यावर मी कॉफीसुद्धा उकळणार नाही." आणि आत गेल्या.

मला वाटतं, त्यांना मनातून बरंच वाटलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

चालली!! चालली, चालली, चालली!

सासूबाईंनी स्वतःच्या चुलीसाठी तीन वर्षं सुकवलेलं बर्चचं लाकूड दिलं. कापून मुठीएवढे ठोकळे केले. मी "आई, तुम्हाला थंडीत काय?" म्हटलं, तर म्हणाल्या, "मला तुझ्यापेक्षा कमी लागतं." पंख्याच्या तोंडाशी निळी ज्योत लागली, अशी शांत, जशी चर्चमधली मेणबत्ती. हँडल मारलं. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि सुरू झालं.

मी नदीच्या पुलापर्यंत गेले आणि वळून आले. फ्रित्योफ फूटबोर्डवर उभा राहून टोपी हलवत होता, जणू तोच गाडी ओढतोय. पेट्रोलच्या मानाने ताकद कमी. सपाटीवर ठीक, पण पाद्र्याच्या चढावर अवघड जाईल. (जुन्या पाद्रीबाबांचा घोडा त्या चढावर एकदा जो बसला तो उठलाच नाही, म्हणून पाद्र्याचा चढ.)

इतकी खूश आहे की जेवलेसुद्धा नाही. भूकच नव्हती.

रविवार, २० ऑक्टोबर

आठवडाभर रोज सरावाला गाडी काढली. काल चढही चढले, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी. वर पोचल्यावर मोठ्याने गाणं म्हटलं.

पण उतरताना एकदम डोकं गरगरलं आणि रस्त्याच्या कडेला थांबून ओकावं लागलं. आज सकाळीही तसंच, आणि आज तर मी गाडीत बसलेही नव्हते, नुसती अंगणात उभी होते. शिकवणीत सांगितलं होतं ते सगळं मला होतंय. डोकेदुखी, गरगर, मळमळ, पाय लटके.

वायू गळतोय. कुठून?

बुधवार, २३ ऑक्टोबर

साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्यावर लावला. गळती असेल तिथे बुडबुडा येतो. दोन तास पोटावर झोपून बघत होते. एक बुडबुडा नाही.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी आंबवलेल्या हेरिंगचा डबा उघडला. माझ्या माहेरचा माणूस मेल्यावरही या माशाच्या वासाने उठून बसेल, असं त्याचं प्रेम. आणि मी आज तोंडावर एप्रन धरून बाहेर पळाले! म्हणजे विष किती भिनलं असेल अंगात. नाकच गेलं माझं.

परत आले तर सासूबाई माझ्या ताटाकडे बघत होत्या. "काय खाशील?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी मला नऊ वर्षांत प्रथम विचारलं.

"कच्चा सलगम," मी म्हटलं. का कुणास ठाऊक. दोन खाल्ले.

"मशीन गळत नाहीये, हेडविग," त्या म्हणाल्या.

यांना मशीनमधलं काय कळतं?

रविवार, ३ नोव्हेंबर

फ्रित्योफ चिडला. "वहिनी, माझी भट्टी गळते? माझी? त्यापेक्षा माझ्या आईला नावं ठेवा!"

मी म्हटलं, "मला रोज सकाळी ओकाऱ्या होतात. उद्या कुणी म्हातारं माणूस मागे बसवलं आणि ते बसल्या जागी गेलं तर?"

त्याने सरळ गाडीत बसून सगळ्या काचा वर घेतल्या. "इंजिन चालू ठेवा. मी एक तास बसतो. मेलो तर बायकोला सांगा, ऐरण तिच्या भावाला द्यायची नाही." मग तो आत बसून चर्चमधली सगळी स्तोत्रं एकापाठोपाठ म्हणू लागला. आम्ही बाहेरून ऐकत होतो. आवाज थांबला की गेला, असं समजायचं ठरलं होतं. मधे एकदा थांबला, सासूबाईंनी काच ठोकली. आतून म्हणाला, "दुसरं कडवं आठवत नाहीये."

तासाने ठणठणीत बाहेर आला आणि आमच्या घरी पॅनकेक खाऊन गेला, चार. मला त्या तव्याच्या वासाने परत बाहेर जावं लागलं.

मग मलाच का? शिकवणीत एकजण म्हणाला होता की काही माणसांना हा वायू जास्त बाधतो. बहुतेक मी त्यांच्यातली आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सासूबाईंचं वागणं समजेनासं झालंय. लाकडाची पोती आता मला उचलू देत नाहीत. हातातून ओढून घेतात, आणि वय काय यांचं, अडुसष्ट! भट्टी सुद्धा स्वतः पेटवतात. मला वीस पावलं लांब उभं करतात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. निळी ज्योत कशी ओळखायची ते माझ्याकडून शिकून घेतलं आणि आता मलाच शिकवतात.

"आई, कार्ड माझ्याकडे आहे."

"कार्डाने ज्योत लागत नाही. तू तिकडे उभी राहा."

माझ्यावर विश्वास नाही, दुसरं काय. मुलाची गाडी सून मोडेल म्हणून भीती वाटत असेल. आज मला रडूच आलं. हल्ली कशानेही येतं. परवा मांजरीला दूध पिताना बघून आलं.

हाल्वारचं पत्र आलंय. नाताळला तीन दिवसांची रजा मिळेल. गाडीबद्दल विचारलेलं नाही. विकली असं गृहीत धरलं असेल बिचाऱ्याने.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पुढच्या बुधवारी तपासणी. मी ठरवलंय. अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगायचं की गाडी चालते, पण चालवणाऱ्याला बाधते. कारण सापडत नाही. मी परवान्यासाठी खोटं बोलणार नाही. गाडीत माणसं बसणार आहेत.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विणकामाच्या सुयांवरची ओळ पुरी केली. मग म्हणाल्या, "बुधवारपर्यंत थांब."

"थांबून काय होणार?"

"थांब म्हटलं ना."

कोठारात जाऊन गाडीजवळ बसले जरा. मी हाल्वारसाठी हे करत होते असं आजवर लिहीत आले. खरं म्हणजे त्या दिवशी पुलापर्यंत गेले तेव्हा त्याची आठवणही झाली नव्हती मला. नुसतं चाक हातात होतं आणि रस्ता पुढे होता. तेच आता जाणार म्हणून वाईट वाटतंय.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज काय झालं ते सगळं लिहून काढते.

सकाळी सुईण सेलांदरबाई सायकल ढकलत दारात. चढापलीकडच्या वाडीवरची सून अडली होती, बाळ पायाळू. रस्त्यावर बर्फ पडून चिखल झालेला, सायकल जाईना, आणि घोडे सगळे जंगलात लाकडं ओढायला गेलेले.

"तुझी ती चुलीची गाडी चालते का ग?"

मी म्हटलं, "चालते. पण सेलांदरबाई, ती गळते. मला तिच्यामुळे गरगरतं. तुम्हाला धोका आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मान वळवून आकाश बघितलं.

"खिडक्या उघड्या ठेवू," सेलांदरबाई म्हणाल्या. "चल."

सासूबाईंनी भट्टी पेटवली, इतक्या झटपट की शिकवणीतल्या त्या गृहस्थांनी टोपी काढली असती. निघालो. सपाटीवर गाडी छान गुणगुणत होती. सेलांदरबाई मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या, गप्पा मारल्यासारखं विचारत होत्या.

"गरगरतं कधीपासून?"

"भट्टी लावल्यापासून. ऑक्टोबरच्या मध्यापासून."

"सकाळी जास्त?"

"हो."

"गाडी बंद असते तेव्हा सुद्धा?"

"हो ना! अंगात साठत असेल."

"साठत असेल," त्या म्हणाल्या. "खाण्याचं काय?"

"कच्चे सलगम सोडून काही जात नाही."

"हाल्वार शेवटचा कधी आला होता?"

मला वाटलं, विषय बदलला. "सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला."

"आणि तुझी पाळी?"

मी मनात दिवस मोजायला लागले. मला आठवेना. बंब, नळ्या, शिकवणी, ठोकळे... मी मोजलंच नव्हतं. नऊ वर्षं मोजून मोजून शेवटी मोजणंच सोडून दिलं होतं मी.

गाडी चढाला लागली होती. "पुढे बघ," सेलांदरबाई म्हणाल्या. "गिअर बदल. हां. आता ऐक. तुझ्या गाडीत गळती नाही, हेडविग. तुझ्या पोटात बाळ आहे. मेच्या अखेरीला."

मी पहिल्या गिअरमध्ये तो चढ चढले. कसा ते देवाला माहीत. डोळ्यांतून पाणी वाहतंय, समोरचं दिसत नाही, सेलांदरबाई "डावीकडे, डावीकडे" म्हणतायत आणि मी हसतेय.

वर पोचल्यावर त्यांनी माझा हात दाबला आणि लगेच म्हणाल्या, "रडणं-हसणं नंतर. आधी ती बाई." तासाभरात वाडीवर मुलगी झाली. आई आणि पायाळू मुलगी दोघी सुखरूप. मी अंगणात गाडीशी उभी होते. आतून पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हा मी भट्टीला टेकले आणि हात भाजून घेतला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काल घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. माझं तोंड बघितलं आणि खुर्चीवर बसल्या, एकदम, पोतं ठेवावं तशा.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हेरिंगच्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? मी साबण लावत बसले! फ्रित्योफला कोंडून घातलं!"

त्या हातातल्या विणकामाकडे बघत राहिल्या. "तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी बोलले होते. आठवतं? साऱ्या गावाला सांगितलं होतं. पाळणा सुद्धा खाली काढला होता. आणि मग काहीच नव्हतं. तू तो पाळणा परत माळ्यावर चढवलास तेव्हा मी खाली उभी होते." मग म्हणाल्या, "या वेळी तुझ्या आधी मी बोलणार नव्हते. माझी जीभ वाईट असेल तर?"

नऊ वर्षं एका घरात राहून मी या बाईला ओळखलं नव्हतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतली काजळी झटकली आणि म्हणाल्या, "हं."

सेलांदरबाईंनी बजावलंय: भट्टी सासूबाईच पेटवतील, मी लांब. काचा सताड उघड्या. पोती उचलायची नाहीत. मात्र गाडी चालवायची? "चालव की," म्हणाल्या. "नाहीतर मला वाडीवर कोण नेणार?"

हाल्वारला पत्रात लिहिणार नाही. ही बातमी त्याच्या आधी पत्रं तपासणाऱ्या कुणा परक्या माणसाने वाचायची, हे मला चालणार नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर

पास! परवाना कायम!

अधिकारी बारीक मिशांचे, नाकात बोलणारे. सगळे सांधे, झडपा, गाळणी बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढ्या थंडीत दोन्ही बाजूंच्या काचा उघड्या का?"

"तिला हवा लागते," सासूबाई म्हणाल्या.

"वायू गळतो की काय?"

फ्रित्योफने छाती पुढे काढली. "साहेब, तासभर आत बसा. मी तर स्तोत्रं म्हटली होती."

साहेबांनी घाईने सही केली.

सोमवार, २३ डिसेंबर

हाल्वार आला आहे. आत्ता खाली आईला हॅम कापून देतोय. मी अंगावर घोंगडी घेऊन लिहितेय, कारण हे आजच लिहायला हवं.

दुपारी मी आणि सासूबाई स्टेशनवर गेलो, चाकांना साखळ्या लावून. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या एका बाजूला लाकडाचं पोतं, दुसऱ्या बाजूला गावातल्या लोकांची नाताळाची पार्सलं. आगगाडीतून सगळे उतरले. हाल्वार फलाटावर उभा राहून घोड्याची स्लेज शोधत होता. आमच्याकडे दोनदा बघितलं आणि नजर पुढे नेली. मी भोंगा वाजवला. त्याला भोंग्याचा आवाज ओळखू आला. मग तो हळूहळू, पिशवी बर्फात ओढत, भट्टीच्या भोवती फिरला. हातमोजा काढून तिला हात लावला, चटका बसला, परत लावला.

"मी विकायला सांगितली होती," म्हणाला.

"हो."

"तू बरं म्हणालीस."

"हो."

"आणि ही चालते?"

"चढसुद्धा चढते."

त्याने माझं काजळीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या स्टेशनसमोर मुका घेतला. मागून सासूबाईंनी काच ठोकली. "विस्तव वाया जातोय!"

"सरक," तो म्हणाला, "मी चालवतो."

"कार्ड आहे?"

"कसलं कार्ड?"

मी माझं दाखवलं. तो मुकाट्याने शेजारी बसला आणि थंडी म्हणून आपल्या बाजूची काच वर घेतली; वायूसाठी उघडी हवी म्हटल्यावर अर्धी ठेवली. रस्ताभर तो आपल्या पायाखाली नसलेला क्लच दाबत होता.

त्याला सांगायचं कधी आणि कसं, हे मी महिनाभर ठरवत होते. घरी गेल्यावर, जेवून, दिव्यापाशी. छान वाक्यं जुळवली होती. पण पाद्र्याच्या चढावर ताजं बर्फ, गाडीत आम्ही तिघं आणि गावभरची पार्सलं. मध्यावर गाडीने मान टाकली.

"उतरा," हाल्वार म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं, काहीतरी करायला मिळालं. "आई, तू चाक धर, सरळ ठेव फक्त. हेडविग, चल, आपण दोघं ढकलू."

मी सवयीने दार उघडलं.

"ती नाही ढकलणार!" सासूबाई गरजल्या.

"का?"

"मी म्हणते म्हणून."

"आई, गेल्या वर्षी याच जागी गाडी अडकली होती. हिने एकटीने ढकलली, मी आत होतो."

"गेल्या वर्षी ती एकटी होती," सासूबाई म्हणाल्या.

हाल्वारला गोष्टी सावकाश कळतात. तो बर्फात उभा राहिला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बॉनेटकडे, जणू उत्तर इंजिनात असावं. मी नुसती मान हलवली. एकही जुळवलेलं वाक्य आठवलं नाही. त्याने टोपी काढली. डोक्यावर बर्फ पडत होतं आणि तो टोपी हातात घेऊन उभा, जसा चर्चमध्ये उभा राहतो.

"कधी?" एवढंच विचारलं.

"मेच्या अखेरीला."

तो गाडीच्या मागे गेला. भट्टीच्या बाजूला खांदा लावल्याचं मला आरशात दिसलं. मी गिअर टाकायच्या आधीच गाडी हलली. सासूबाई मागून "अरे हळू, अरे हळू!" ओरडताहेत, पार्सलं घरंगळताहेत, आणि चाकं न थांबता वर, वर, थेट माथ्यापर्यंत.

तिथे थांबले आणि वाट बघितली. तो यायला वेळ लागला. रस्त्याकडेला बर्फात बसला होता बहुतेक, कारण पाठ सगळी पांढरी झाली होती. आला, दार उघडून बसला, रुमाल शोधला, सापडला नाही, माझ्या शालीच्या टोकाला नाक पुसलं.

मग त्याने विचारलं, "चालवताना तुझी कंबर दुखते का?"

"नाही."

"मग तूच चालव," तो म्हणाला, आणि त्याने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.